एक्केचाळीस भाचे

(मोफत जेवणघराचं स्वयंपाकघर. ते चालवणारी मावशी भाजी निवडते आहे. समोर पत्ते तपासणारे साहेब रहिवासी दाखल्याच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन बसलेत. भिंतीशी सुतार लाकडी खण बसवतो आहे.)

साहेब : म्हणजे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तुमचे भाचे?

मावशी : तसंच लिहिलंय ना?

साहेब : बहिणी किती तुम्हाला?

मावशी : एकही नाही. मी एकुलती एक.

साहेब : मग?

मावशी : अर्जात रकाना होता, 'घरमालकाशी नातं'. हे सगळे मला मावशी म्हणतात. मावशी म्हणणारा भाचाच असतो, की नियम बदलला?

साहेब : मावशी, हे सरकारी कागद आहेत.

मावशी : आता तुम्हीही म्हणालातच.

साहेब : आणि जुन्या यादीत नऊ नावांपुढे 'गेला' लिहिलंय. वाचून वाईट वाटलं.

मावशी : अहो, मरोत त्यांचे वैरी. गेले म्हणजे भाड्याच्या खोलीत राहायला गेले. किल्ली दाखवायला येतात मेले. एक तर कुलूपसुद्धा घेऊन आला. म्हटलं, अरे, मग दाराला काय लावून आलास?

साहेब : पण या एक्केचाळीस जणांना इथे झोपायला जागा कुठाय? मी सगळं फिरून पाहिलं.

मावशी : जागा पातेल्यांनी खाल्ली.

साहेब : मग ते इथे राहत नाहीत. खोटा पत्ता झाला हा. या सुतारांचंच बघा. शाळेत लाकूडकाम शिकवायची नोकरी आलीय. उद्यापर्यंत माझा शेरा गेला नाही, तर पत्ता कट.

मावशी : कागदावरचा की माणसाचा? साहेब, याला आधी दोनदा नोकरीचं पत्र निघालं, दोन्ही वेळा 'पत्ता नाही' म्हणून परत गेलं. हातात कसब नव्हतं म्हणून नाही. पत्र टाकायला दार नव्हतं. बेकरीवाला उरलेला पाव देतो, न्हावी मंगळवारी यांच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवतो. मी म्हटलं, माझ्याकडे दार आहे, ते काय नुसतं वारा यायला?

साहेब : हे काय बसवताय तुम्ही?

सुतार : पत्रांचे खण. ताटं एक्केचाळीस, तसे खणही एक्केचाळीस. फळांच्या खोक्यांचे आहेत, पण सांधा बघा. एक खिळा सापडला तर सांगा.

मावशी : पहिल्या दिवशी जेवला आणि म्हणाला, पोट भरलं, आता हातांना काहीतरी द्या. माझी सगळी बाकं डुगडुगायची. आता त्यावर उभं राहून नाचा.

साहेब : सुतार, तुम्हीच सांगा. रात्री कुठे असता?

सुतार : पुलाखाली.

मावशी : अरे बाबा...

सुतार : असू दे, मावशी. खोटं बोलून मास्तर कशाला व्हायचं? साहेब, झोपतो पुलाखाली. तिथे मी उठून गेलो तरी कुणाला पत्ता लागत नाही. राहतो मात्र इथे. एक दिवस आलो नाही, तर दुसऱ्या दिवशी दारातच विचारतात, काल कुठे होतास.

साहेब : (गठ्ठ्यातून सुताराचा अर्ज काढतात.)

मावशी : पाणी देऊ?

साहेब : नको. अर्ज परत वाचतोय. 'झोपतो कुठे' असा रकाना नाहीच यात. 'राहतो कुठे' एवढंच विचारलंय.

मावशी : मी मघापासून तेच सांगतेय. फक्त भाजी निवडत सांगितलं म्हणून तुमच्या कानात शिरलं नाही.

साहेब : (शेरा लिहीत) 'समक्ष जाऊन खात्री केली. अर्जदार याच पत्त्यावर राहतो.' आणि नातं... भाचाच राहू दे. बाकीच्या चाळीस जणांना एकेक करून भेटावं लागेल मला.

मावशी : भेटा की. सगळे बाराला येतात. तोवर शाई वाळू दे, बसा.

साहेब : नाही, मला अजून दोन ठिकाणी...

मावशी : पंगतीच्या वेळी मावशीच्या घरून उपाशी गेलात, तर माझ्या भाच्यांनी काय म्हणावं?

सुतार : मावशी, आज ताटं बेचाळीस मांडतो.