ताई बाहेर गेल्या आहेत

नाही, पण मी म्हणतो, माझ्याच घराच्या दाराला मला आतून कडी का लावता येऊ नये? तुम्हाला सांगतो, रोज संध्याकाळी मी कडी लावायला दारापुढे उभा, आणि दार गोड आवाजात म्हणतं, "माफ करा, ताई बाहेर गेल्या आहेत!" ताई म्हणजे आमची ही. बाहेर गेली म्हणे! अरे, गेली ती... जाऊ दे. आधी दाराचं सांगतो.

दाराचं कुलूप एका कंपनीचं, गिझर दुसरीचा, दिवे तिसरीचे. पूर्वी कुणाचं कुणाशी पटायचं नाही, अगदी सख्ख्या भावांसारखं! मग लेकीनं काहीतरी जोडून दिलं. "बाबा, आता सगळ्यांकडे एकच वही. एकानं लिहिलं की सगळ्यांच्या वहीत उमटतं. खोटं लिहिता येत नाही, लिहिलेलं खोडता येत नाही. चोराची काय बिशाद!" झालं! तेव्हापासून एकाला विचारल्याशिवाय दुसरं हलत नाही!

आणि नियम कुणी घातले? हिनंच! "मी बाहेर असताना कडी लागायची नाही. तुमची झोप कुंभकर्णाची, मी काय पायरीवर बोंबलत बसू?" शिवाय घरी आल्या आल्या हिला कढत पाणी हवं. मग एका सकाळी हिच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, दारानं लिहिलं, ताई बाहेर गेल्या. तिथूनच पुढे नेली हो तिला. परत आल्याचं ते बिचारं कुठून लिहिणार?

आता मी बाथरूममध्ये ओरडतोय, "अरे, भाजतंय, गार कर जरा!" गिझर दाराला विचारतो, "ताई आल्या?" दार म्हणतं, "नाही बुवा." बाहेरच्या दिव्याला विचारतो, तो म्हणतो, "मीही त्यांच्यासाठी जागाच आहे." की पाणी पुन्हा कढत! एकाला विचारल्याशिवाय दुसरं हलत नाही!

लेक फोनवर रडकुंडीला आली. "बाबा, उघड्या घरात एकटे झोपता, माझा इथे डोळ्याला डोळा लागत नाही." शेवटी मेकॅनिक बोलावला. पिशवीत पक्कड शोधता शोधता म्हणतो कसा, "काका, जुनं खोडता येत नाही. खाली नवीन ओळ लिहायची, 'ताई आता येणार नाहीत.' मग सगळ्यांनी हो म्हणायचं." असं तोंडावर म्हणाला हो!

गिझर हो म्हणाला. दिवे हो म्हणाले. फ्रिज... ज्याला हिच्याशिवाय कुणी कधी फडकं लावलं नाही, तो मेला, तोही हो म्हणाला! दारसुद्धा! मी म्हटलं, "झालं ना एकदाचं?"

"नाही काका, एक अडलंय."

"कोण तो आडमुठा? पंखा असेल बघा!"

"तुमचा अंगठा राहिलाय."

ठेवला. "उमटत नाही काका, ओला आहे, पुसा." पुसला. ठेवला. पुन्हा ओला! "काका," तो हळूच म्हणाला, "सारखा डोळ्यांकडे नेऊ नका ना." मी म्हटलं, "घाम आहे तो!" त्यानं पिशवी आवरली, आणि जाताना दार नुसतं लोटून घेतलं.

तर असं आहे. एकाला विचारल्याशिवाय दुसरं हलत नाही, आणि तो एक म्हणजे मीच निघालो! आता दार उघडं, दिवा चालू, पाणी कढत. चोर आला तर येऊ दे बापडा... अंघोळ करून जाईल.