डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर

अध्यक्षस्थानी बसलेल्या आमच्या मालकीणबाई, त्यांच्या बाजूला स्पेअर पार्टवाले शेठ, ज्यांच्यासाठी सकाळपासून खुर्च्या मांडल्या ते आमचे फोरमनकाका, काकू, आणि खाली बसलेले वेल्डर, पेंटर, डेंटर, त्यांच्या घरचे आणि गाडी मिळायच्या आशेने आलेली गिऱ्हाइकं, सगळ्यांना नमस्कार.

आधीच माफी मागते. डेंटरमामांना हातोडीच्या आवाजाने कमी ऐकू येतं, म्हणून माझं भाषण लॅपटॉपवरून प्रोजेक्टरने मागच्या भिंतीवर लावलंय. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा भिंतीएवढ्या दिसतील. शाळा लवकर सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं. टायपिंग एका बोटाने करते. शेवटचा भाग आत्ता इथे बसून केला, म्हणून माझा नंबर शेवटी घ्या म्हटलं. एक सोय झाली मात्र. तुम्ही भिंतीकडे बघाल, माझ्याकडे कोणी बघणार नाही.

काकांच्या शिस्तीबद्दल सगळे बोलले. मी पेडलबद्दल बोलणार आहे. मला तेवढंच येतं.

जुन्या गाडीत पेडल दाबलं की केबल ओढली जायची आणि इंजिन पळायचं. आता केबल नाही. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात. पाय किती खाली गेला, हे दोघंही कॉम्प्युटरला सांगतात. आपल्याकडच्या पेडलांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. कॉम्प्युटर दोघांचं ताडून बघतो. जुळलं तर गाडी पळते. नाही जुळलं तर तो दोघांचंही ऐकत नाही, गाडी नुसती रांगते. एकच सेन्सर का नाही ठेवत? कारण तो एकटा चुकला तर कळणार कोणाला?

आपण जुन्या गाड्यांत नवी इंजिनं बसवतो. इंजिनाबरोबर हे पेडल येतं. त्याची वायरिंग माझ्याकडे. काकांचा नियम सगळ्यांना पाठ आहे. ज्याने जोडलं त्याने पास करायचं नाही. मी जोडायचं, काकांनी चालवायचं, मी बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन्ही सेन्सरच्या रेषा मोठ्याने वाचायच्या. मला मोठ्याने बोलता येत नाही, तर काका म्हणायचे, "अगं, मी गाडीत आहे, तुझ्या पोटात नाही."

मग ती लाल गाडी आली. काका चालवून आले आणि म्हणाले, "पेडल खराब आहे. एका जागी थांबत नाही, हिसके देतंय." पेडल बदललं. तेच. पुन्हा बदललं. तेच. शेठ इथेच आहेत, ते तेव्हा म्हणाले होते, "अहो, माझ्याच दुकानातली पेडलं बरी खराब निघतात तुम्हाला!"

मी लॅपटॉपवरच्या रेषा बघत होते. दोन्ही थरथरत होत्या. पण बरोबरीने. एक वर गेली की दुसरीही तेवढ्याच हिशेबाने वर. सेन्सर बिघडला असता तर दोघांचं बिनसलं असतं. इथे भांडण नव्हतंच. म्हणजे पेडल खरंच हलत होतं.

काका वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"दोघांचं म्हणणं एकच आहे ना?"

"हो काका."

"म्हणजे पेडल चांगलं आहे."

"हो."

"मग खराब काय आहे, ते तू सांगतेस की मी सांगू?"

मी लॅपटॉपची धूळ पुसली.

"बरं, मीच सांगतो. पाय."

काकू नंतर म्हणाल्या, "तरीच! नवे बूट घेतल्यापासून म्हणत होते, किती छान बूट आहेत, चावतच नाहीत. मला वाटलं बूट चांगले." डॉक्टरांनी सांगितलं, कमरेत नस दबली आहे, उजव्या पायाला पूर्ण समजत नाही. त्या पायाने गाडी चालवायची नाही. काकांनी टेस्टची चावी मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. बाई म्हणाल्या, "गाड्या दुसरं कोणी चालवेल, तुम्ही नुसतं पास करा." तर म्हणाले, "जो चालवत नाही त्याने कशाच्या जोरावर पास करायचं?" म्हणून आजचा हा निरोपाचा हार आणि शाल.

काकांची स्वतःची जुनी गाडी गॅरेजच्या मागे झाकून पडली होती. ती विकून टाका म्हणाले. मग काकू गेटवर मला गाठून म्हणाल्या, "हे घरी बसले तर दिवसभर मला चालवतील. काहीतरी कर बाई."

केबल असती तर काही करता आलं नसतं, म्हणजे आलं असतं पण अवघड गेलं असतं. वायरचं तसं नाही. ती म्हणाल तिकडे वळते. आम्ही त्या गाडीत नवं इंजिन आणि क्लच नसलेला, आपोआप गियर बदलणारा गियरबॉक्स टाकला. उजवीकडचं पेडल काढून ब्रेकच्या डावीकडे बसवलं. वेल्डरमामांनी ब्रॅकेट केलं आणि दोनदा तोडून परत केलं. तपासणीवाल्यांना दाखवायचं काम बाईंनी केलं. डॉक्टरांनीही डावा पाय ठोकून बघितला.

आणि पहिल्याच दिवशी काय झालं? काकांच्या डाव्या पायाने जन्मभर फक्त क्लच मारलाय. क्लच कसा मारतात? जमिनीपर्यंत. त्याने तेच केलं. इंजिन असं किंचाळलं की पेंटरने डबा सोडला. गाडी स्टँडवर होती, चाकं हवेत, म्हणून बरं. वेल्डरमामा म्हणाले, "काका, विमान वर गेलं की खाली आम्हाला पण हात करा!"

काका हसले नाहीत. खाली उतरून म्हणाले, "जाऊ दे पोरी. हा पाय आता शिकायचा नाही."

मी व्होल्टेजला हात लावला नाही. कॉम्प्युटरला फक्त समजावलं, पहिलं अर्धं पेडल दाबलं तरी इंजिन थोडंच पळवायचं. आणि काकांना म्हटलं, चहा झाला की रोज गाडीत बसून डाव्या पायाने हळूहळू पेडल दाबा, चाकं हवेतच राहू देत. मी त्यांच्याशी सलग एवढं कधी बोलले नव्हते, त्यामुळे बहुतेक ऐकलं त्यांनी. रोज बसायचे. वेल्डरमामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "गप्प, आत शाळा भरलीय."

आज सकाळी गाडी खाली उतरवली. आता लॅपटॉप कोणी धरायचा? मी जोडलेलं, तपासायचा काकांचाच पाय, दोघांनाही पास करता येईना. मग काकू बसल्या. मी गेटवर उभी राहून ऐकत होते. काकू वाचत होत्या, "एक सरळ. दुसरी पण सरळ. अहो, माझ्याकडे काय बघताय, पुढे बघा!"

गाडी गेटमधून गेली आणि परत आलीच नाही. सरळ इथे, या हॉलवर आली.

मघाशी शेठ विचारत होते, काकांच्या ड्रायव्हरला चहा दिला का म्हणून. दिलाय शेठ. तो तुमच्या शेजारी बसून पितोय.

बाईंचे, काकूंचे, मामांचे आभार. ऐकलंत, त्याबद्दल तुमचेही. कोणाचं नाव राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोलले असेन तर मनावर घेऊ नका, आणि भिंतीवरच्या चुका तर अजिबात नका.

थांबा, आत्ताच वॉचमनचा मेसेज आलाय. आपल्या मांजरीला स्प्रे बूथमध्ये पिल्लं झालीत. उद्या कोणी रंग मारायचा नाही.