लघवी लाल होईल, एवढंच सांगितलं

मी मूळचा करमाडचा, घरची शेती, पण बापानं मला डी. फार्मसीला घातलं, म्हणाला रानात तुझं मन नाय, आणि केस काळे होते तवापासून गारखेड्यात माझं मेडिकल आहे. बोलणं मला कधी जमलं नाय. गिऱ्हाईक म्हणायचं, मालक लई सज्जन, मान वर करून बघत नाय. काय सांगू तुम्हाला, त्या सज्जनपणाची आता मला किळस येते.

आमच्याकडं रीतच आहे. पाळणा लांबवायच्या गोळ्या बाई तोंडानं मागत नाय, रिकामं पाकीट काउंटरवर पालथं ठेवते, आपण नवं पेपरात गुंडाळून द्यायचं, बोलायचं नाय, बघायचं नाय. ह्याला आम्ही मर्यादा म्हणतो. सविता अशीच यायची, तिचं खरं नाव मी सांगणार नाय. दोन पोरी, नवरा कंपनीत, सासूला नातू पाहिजे. गोळ्यांचं घरात कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. मला माहीत होतं.

मग तिला टीबी झाला. चिठ्ठी घेऊन सासू आली, गोळ्यांत रिफाम्पिसिन. आता घशाच्या, तापाच्या साध्या अँटिबायोटिकनं पाळणा लांबवायच्या गोळीला काही होत नाय, उलट्या-जुलाब लागले तर गोष्ट वेगळी, पण हे टीबीचं औषध तिचा असर पार घालवतं, कोर्स चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही महिनाभर तांबीसारखा दुसरा उपाय लागतो. हे शिकलेला मी माणूस. आणि सासूला काय सांगितलं, तर मावशी, लघवी लाल होईल, घाबरू नका. लघवीचं बोलायला लाज नाय वाटली! सासूसमोर बाकीचं बोलता येत नव्हतं, कबूल, पण पुढं सविता स्वतः येत राहिली, पाकीट पालथं ठेवत राहिली, आणि मी गुंडाळत राहिलो, आज गर्दी आहे, उद्या सांगू, उद्या सांगू. डॉक्टरनं तरी विचारलं असेल का? विचारलं असेल तर सासू शेजारी बसलेली, ती काय बोलणार, कपाळ?

मग एक दिवस आली आणि चारचौघांत म्हणाली, भाऊ, माल बनावट ठेवता का, मला दिवस गेलेत. एक बाप्या हसला, त्याला मी बाहेर काढलं. पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं, गालाची हाडं वर आलेली. म्हणलं, माल चांगला होता, टीबीच्या औषधापुढं त्याचं चाललं नाय. म्हणाली, हे आज कळलं तुम्हाला? म्हणलं, नाय, पहिल्यापासून माहीत होतं. मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? म्हणलं, टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका, आजच बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडं जा, हवं तर मी येऊन सगळं सांगतो, पुढचं तुम्ही ठरवा. तर म्हणते, आता सुटली व्हय तुमची जीभ, काल मला उलटी झाली तर सासूनं गल्लीत पेढे वाटले, मी काय ठरवू?

आता मी प्रत्येकीला विचारतो, बाजूला घेऊन, दुसरं काही औषध चालू आहे का. परवा एकीचा नवरा अंगावर आला, आमच्या बायकांना काय विचारतो रे, लायसन घालवीन. म्हणलं, घालव. घरची म्हणते, गिऱ्हाईक तुटतंय. तुटू दे.

सविता दुसऱ्या दुकानात जाते. तिनं काय ठरवलं मला ठाऊक नाय, विचारायचा हक्क मी घालवला. जे ठरवलं असेल त्यातून ती धडधाकट उठावी, एवढंच मागणं आहे. माफी मी मागत नाय, तिनं देऊही नये.