अण्णांचा कॉम्प्युटर पात्र नाही

सिद्धम्मा : (फोनवर) मी म्हणते, एकदा येऊन जा की भार्गवी. तुझ्या अण्णांचं काय तर बिनसलंय. त्या कॉम्प्युटरवर रोज एक चौकोन येतोय म्हणं, आन् त्याच्याकडंच बघत बसायलेत.

भार्गवी : अहो अक्का, तो चौकोन सगळ्यांकडेच येतोय. विंडोज दहाचं अकरा करून घ्या म्हणतात. फुकट आहे. घाबरण्यासारखं काही नाही त्यात.

सिद्धम्मा : फुकट हाय तर मग ह्यांचं त्वांड का उतरलंय? सकाळी भाकरी आन् शेंगाची चटणी दिऊन आले. दुपारी बघते तर ताट तसंच झाकलेलं. मी शेजारीण हाय ग, किती बोलू? लेक तू हायस.

भार्गवी : आई गेल्यापासून ते कमीच जेवतात.

सिद्धम्मा : ते दुःख मी बघितलंय. हे येगळं हाय. मला काय म्हणले म्हाईत हाय का? ‘सिद्धम्मा, मला अपात्र केलं.’

भार्गवी : झालं! आयुष्यभर जिल्हा परिषदेत लोकांच्या अर्जांवर पात्र-अपात्र लिहिलं, आता कॉम्प्युटरनं त्यांच्यावर लिहिलं.

सिद्धम्मा : हसू नको ग.

भार्गवी : हसत नाही हो. इथं उत्कर्षाला ताप आहे, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरतेय. ह्यांना सुट्टी नाही. आत्ता मोहोळहून निघणं कसं जमायचं? दसरा झाला की येते, नक्की. तोवर अण्णांना सांगा, चौकोन आला की कोपऱ्यातल्या फुलीवर दाबायचं.

सिद्धम्मा : फुली त्यास्नी दिसतीया का, ते इचार आधी.

भार्गवी : दिसते. अक्षरं मीच मोठी करून दिलीत. ठेवू का? उठली ती.

•

(दसरा-दिवाळी होऊन गेल्यावर. शुक्रवार पेठेतलं अण्णांचं घर. भार्गवी बाळाला घेऊन आलेली.)

भार्गवी : अण्णा, टेबल रिकामं कसं? कॉम्प्युटर कुठंय?

अण्णा : आधी टेक जरा. बाळाला दे इकडं. बस लवकर मिळाली का मोहोळला?

भार्गवी : मिळाली. कॉम्प्युटर कुठंय?

अण्णा : त्याचं निर्लेखन केलं.

भार्गवी : म्हणजे काय केलंत?

अण्णा : ऑफिसात वस्तू निकामी झाली की ती नोंदीतून कमी करतात, तसं. सगळं रीतसर केलं बरं का. खंडेनवमीला पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला त्या विंडोज दहाची मुदत संपत होती. त्या संध्याकाळी बंद केला. मग भंगारवाल्याला बोलावलं आणि आतली तबकडी, ती हार्ड डिस्क, माझ्या समक्ष फोडून घेतली.

भार्गवी : फोडून?

अण्णा : हातोडीनं. सिद्धम्मा साक्षीला होती.

सिद्धम्मा : व्हय ग. मी लई सांगितलं, चालू हाय की अण्णा, लाइट लागायलाय, आवाज यायलाय. म्हणले, चालू असलं तरी सेवेत न्हाय.

भार्गवी : पण फोडायचं कशाला?

अण्णा : पेठेतल्या किती जणांचे कागद होते त्यात. आधार, पेन्शन, रेशनकार्ड. अर्ज टाइप करून घ्यायला यायचे ना माझ्याकडे. चौकोनात स्पष्ट लिहिलं होतं, मुदतीनंतर सुरक्षेची हमी नाही. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद मी तसेच उघड्यावर सोडू?

भार्गवी : मला विचारायचं होतं.

अण्णा : विचारलं होतं, चौकोन पहिल्यांदा आला तेव्हाच. तू म्हणालीस, फुकट आहे, सगळ्यांना मिळतं. म्हणून तपासणी केली. एकदा केली, पुन्हा केली. उत्तर तेच. हा संगणक पात्र नाही. सगळ्यांना मिळतं आणि मला मिळत नाही, यातून मी काय समजायचं?

भार्गवी : अण्णा, ते तुम्हाला नाही म्हटलेलं. यंत्राला म्हटलंय.

अण्णा : माहीत आहे. मी काही इतका खुळा नाही. कारणही दिलं होतं, प्रोसेसर जुना. कारण न देता अपात्र केलं असतं, तर मी भांडलो असतो. कारण योग्य होतं, काय भांडायचं?

भार्गवी : आणि फोन का उचलत नाही तुम्ही? दिवाळीत किती वेळा केला मी.

अण्णा : त्याच सुमारास भलतेच फोन यायला लागले. ‘काका, तुम्ही फ्री अपग्रेडला पात्र आहात, फक्त आलेला नंबर सांगा.’ यंत्र म्हणतंय अपात्र, हा माणूस म्हणतोय पात्र. मी काही सांगितलं नाही हां, काळजी करू नको. पण फोनवरचं नाव मला वाचता येत नाही. तू आहेस की तो, कसं कळणार? मग कुणाचाच घेत नाही.

सिद्धम्मा : वाजून वाजून गप होतोय बघ तो फोन. मला पलीकडं ऐकू येतंय.

भार्गवी : अण्णा, ऐका. बसमध्ये वाचत आले मी. मुदतवाढ होती. वर्षभराची, फुकट. नुसती नोंदणी करायची.

अण्णा : कुणाला होती?

भार्गवी : ज्यांना अकरा घेता येत नाही, त्यांनाही. तुम्हालाही.

अण्णा : शक्य नाही. मला तसं काही कळवलेलं नाही.

भार्गवी : त्याच पानावर होतं. खाली. नोंदणी करा, असं.

अण्णा : नव्हतं. मी सगळं वाचलं होतं, डोळा तिरका करून, शब्द न् शब्द. ‘पात्र नाही’ हे शेवटचं. त्याच्या खाली पडदा संपला.

सिद्धम्मा : अक्षरं तर केवढाली होती ग. एका वळीत तीन शब्द बसायचे. मला दारातनं दिसायचे, वाचता येत नसूनबी.

भार्गवी : अरे देवा.

अण्णा : काय झालं?

भार्गवी : अक्षरं मी मोठी केली होती ना.

अण्णा : हो. फार सोय झाली होती त्याची.

भार्गवी : मोठी केली की खालचं पडद्याच्या बाहेर जातं, अण्णा. पान वर सरकवावं लागतं. तेव्हा खालचं दिसतं.

अण्णा : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

भार्गवी : नाही सांगितलं.

अण्णा : म्हणजे मुदतवाढ होती. आणि मी हार घालून, नारळ फोडून त्याला घालवला.

सिद्धम्मा : जाऊ द्या अण्णा. पोरगी रडायलीय.

अण्णा : कोणती? लहान की मोठी?

सिद्धम्मा : मोठी.

अण्णा : रडू नको ग. नियमानं चालणाऱ्या माणसाचं असंच होतं. ही बघ, किती शहाण्यासारखी बसलीय मांडीवर. जड झालीय.

भार्गवी : खाली दोन दात आलेत तिला. बघा ना, तुमच्याकडे बघून कशी हसतेय.

अण्णा : हसतेय का?

भार्गवी : अण्णा?

अण्णा : कान दिसतोय. एक मूठ दिसतेय. माझ्या नजरेच्या मधोमध डाग आहे. तिचं तोंड मला कॉम्प्युटरवरच दिसायचं. तू व्हिडिओ लावायचीस ना संध्याकाळी, तेव्हा ते सुपाएवढं व्हायचं, मग डागाच्या बाहेर काही ना काही उरायचं. आधी गाल, मग हनुवटी, मग डोळे. एकेक जुळवत बसायचो. मांडीवर ती एवढीशी असते. अख्खी डागात मावते.

भार्गवी : म्हणून तुम्ही म्हणायचात, अजून जवळ आण, अजून जवळ आण.

अण्णा : तू चिडायचीस, बाळाचं नाक फोनला लागतंय म्हणून.

भार्गवी : एवढं कमी दिसतंय, हे कधी बोलला नाहीत.

अण्णा : तुझे बाळंतपणाचे दिवस होते. आणि मला दिसत होतं की. तिचं पहिलं हसू मी पाहिलं. तू म्हणालीस, अण्णा, आत्ता हसली, आणि मी म्हणालो, हो. खरंच पाहिलं होतं मी ते.

भार्गवी : उद्याच्या उद्या नवीन घेऊ. नाहीतर मोठा टीव्ही आणू, त्याला फोन जोडून देते.

अण्णा : नको. डॉक्टरांनी डोळ्यातली इंजेक्शनं थांबवलीत. आता उपयोग नाही म्हणाले. कडेकडेचंही पुसट व्हायला लागलंय. जुन्या यंत्रावर बोटांना जागा पाठ होत्या. नवीन शिकेपर्यंत बघायला काय उरणार?

भार्गवी : मग मोहोळला चला माझ्याबरोबर. आत्ताच. मी बॅग भरते.

अण्णा : तिथल्या पायऱ्या मला पाठ नाहीत. तुझ्या सासूबाईंच्या घरात भिंती चाचपत फिरू? इथं मी निदान धडकत तरी नाही.

भार्गवी : अक्का, तुम्ही तरी सांगा.

सिद्धम्मा : मी काय सांगू अव्वा? मीच न्हाय आता हितं. लेकीचे दिवस भरलेत, परवा अक्कलकोटला जायलेय. बाळंतपण झाल्यावर तिला न् लेकराला सोडून लगेच यायला जमणार हाय का?

भार्गवी : मग ह्यांचं जेवण?

अण्णा : खानावळीचा डबा सांगितलाय. दारात ठेवून जाईल.

भार्गवी : दारात ठेवून. आणि तुम्ही तो आत घेतला की नाही, ते कोण बघणार? अंधार पडलाय केव्हाचा, दिवा का लावला नाही तुम्ही?

अण्णा : मला काय फरक पडतो?

सिद्धम्मा : रोज मीच लावून जायची. मी न्हाय आले की अंधार.

भार्गवी : अण्णा, एवढं एक ऐका माझं. फोन नका उचलू. पण संध्याकाळ झाली की पुढच्या खोलीतला दिवा लावा. तुमच्यासाठी नको. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं पाहिजे, की आत...

अण्णा : की आत माणूस सेवेत आहे?

भार्गवी : हो.

अण्णा : बघतो.

भार्गवी : बघतो म्हणू नका. तुमच्या ऑफिसात बघतो म्हणजे काय, ते मी लहानपणापासून ऐकलंय.

अण्णा : तुझी बस चुकेल. टोपरं बांध तिला, वारं आहे. आणि जायच्या आधी तिला जरा माझ्या गालाला लाव.

•

भार्गवी : आता तुम्हाला सांगते, हे वाचताय त्यांना. उत्कर्षा पुन्हा तापली आहे, मोहोळ सोडता येत नाही. सिद्धम्माक्का अक्कलकोटला गेल्या. मी फोन लावते, तो वाजून वाजून गप्प होतो, आणि मला माहीत आहे की समोरचा माणूस तिथंच बसून तो ऐकतोय. निदान मी तसं धरून चाललेय. तुम्ही शुक्रवार पेठेतून जात असाल, तर अर्ज लिहून देणारे वेणीमाधवअण्णा कुठं राहतात, कुणालाही विचारा, दाखवतील. दारातला डबा तसाच दिसला तर कडी वाजवा आणि आधी तुमचं नाव सांगा, मोठ्यानं, नाहीतर ते उघडणार नाहीत. माझं नाव सांगितलंत तरी चालेल. आणि कडी वाजवायला संकोच वाटला, तर राहू दे. अंधार पडल्यावर रस्त्यावरूनच बघा. पुढच्या खोलीत दिवा लागलाय का, तेवढंच कळवा मला.