नमुना क्रमांक चार

...आणि पोरगा म्हणतो काय, "बाबा, अभिनंदन!" आता तुम्हीच सांगा, उजवा खुबा मोडून पलंगावर आडव्या पडलेल्या बापाचं कुणी अभिनंदन करतं? आमचा पियुष करतो! बंगलोरला पीएचडी करून राह्यला ना... हाडं मोडतो. खरी नाही हो, कॉम्प्युटरातली! हाडाचं चित्र घ्यायचं, त्याचे लाखभर बारके तुकडे पाडायचे, वरून वजन ठेवत जायचं, आणि कोणता तुकडा आधी बोंबलतो ते बघायचं.

तुम्हाला सांगतो, गेल्या दिवाळीत त्यानंच मला गोंदियाला नेऊन दोन्ही खुब्यांचं स्कॅन करवलं. मी खुळा, साऱ्या बालाघाटात सांगत सुटलो, लेक असावा तर असा! त्याच्या आईनं, आमच्या प्रेमलतानं, तर त्याची दृष्ट काढली. मग त्याचा लेख छापून आला. त्यात मी कोण? 'नमुना क्रमांक चार. पुरुष, वय अडुसष्ट.' बस्स! छत्तीस वर्षं कचेरीत मी लोकांना फाइलीच्या नंबरानं हाका मारल्या... म्हटलं, फेड झाली.

मी विचारलं, "अरे, आपल्या न्हाणीतली फरशी निसरडी आहे, ती धरलीस का?"

"ते मॉडेलमध्ये धरलं नाही, बाबा."

"घरात उचलणारं दुसरं कोणी नाही, पाण्याची बादली मीच उचलतो, ते?"

"तेही मॉडेलमध्ये धरलं नाही. बाबा, सिंपल रखना पड़ता है!"

आणि मंगळवारी तीच बादली, तीच फरशी... धाडकन! शेजारचा सुखराम धावत आला. "काहून पंत, तुमचं पोरगं हाडाचं डॉक्टर होऊन राह्यलं ना? बोलवा ना त्याले!" म्हटलं, हौ, डॉक्टरच, पण मोडायचा.

एक्स-रे पाठवला. एरवी तिसऱ्या खेपेला फोन उचलणारा मुलगा, मिनिटात व्हिडिओवर! "बाबा, फोटो जरा सीधा पकडो... अरे वा! मॉडेलनं सांगितलं होतं, अगदी तिथेच! एक मिलीमीटर इकडेतिकडे नाही!" मागे चार पोरं टाळ्या वाजवताहेत. माझ्या खुब्याला टाळ्या! त्याचे सर स्क्रीनवर आले, हात जोडून म्हणाले, "अंकलजी, थँक्यू." आणि मी? नोकरीची सवय जाते का हो! पडल्या पडल्या हात जोडले, "काही नाही सर, कर्तव्यच होतं."

प्रेमलतानं फोन हिसकावला. "अरे पोट्ट्या, परवा बाबांचं ऑपरेशन आहे. येऊन राह्यला की नाही?"

"आई, परवा... परवा तर याच रिझल्टचं प्रेझेंटेशन आहे."

"आणि बाप भुलीतून उठलाच नाही तर?"

आता तो काय म्हणेल, तुम्हाला पाठ झालंच असेल. पण तसं म्हणाला नाही! मान खाली घातली... मला वाटलं, विरघळला. तर म्हणतो, "घाबरू नको आई, डावा पाय अजून तीन वर्षं टिकतो. मॉडेलमध्ये बघितलंय मी. तेव्हा नक्की येईन."

बघा, उठलो भुलीतून. वॉकर धरून तुमच्यापुढे उभा आहे. प्रेमलता अजून डोळे पुसते. मी तिला म्हणतो, अगं, रडतेस काय? पोराचं गणित आजवर चुकलेलं नाही... मोडेल डावा पाय. येईल तो.