खोक्यावर उभा राहणारा

—तो फोन आधी बंद कर. तोंडासमोर यंत्र धरायला मी काय मंत्री आहे? बस त्या ओंडक्यावर. कपडे झटकू नकोस, ह्याच भुशात लोळून मोठी झालीस. कारखान्याला पंचाहत्तर वर्षं झाली, स्मरणिका निघतेय, म्हणून आजोबांनी नातीला पाठवलं धाकट्या भावाकडे — एरवी ह्या भुशाच्या शेडकडे कुणी फिरकतं? नाही फिरकत. आणि हवंय काय, तर तो गमतीचा किस्सा! जाड्या खोक्यावर चढला न् खोकं मोडलं. हसून घे एकदाचं.

हसलीस? मग ऐक. माझा बाप आऱ्यावर लाकूड चिरायचा, खोकी करायचा, फळबागवाले न्यायचे. गिऱ्हाईक आलं की बाप माल चांगला आहे वगैरे काही बोलायचा नाही — खोकं पालथं घालायचा आणि हाक मारायचा, "धाकट्या, चढ!" घरात सगळ्यात वजनदार मी. चढून दोन उड्या मारायच्या, खोकं हूं की चूं करायचं नाही, सौदा पक्का. ह्या घराचा धंदा माझ्या वजनावर उभा राहिला — छापणार आहात का हे? काय छापताय! आणि बापाने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, पुढच्या मोसमापासून आरा धाकट्याकडे. ज्याच्या हातात आरा त्याचा कारखाना, बाकीचे खिळे ठोकणारे. खिळे कोण ठोकत होतं तेव्हा? तुझे आजोबा. भुवया कशाला उडवतेस?

मग बाप तापाने पडला आणि तेवढ्यापुरता आरा दादाच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, हाती गेला. ह्याने काय केलं — फळी पातळ काढली. एका ओंडक्यात जास्त खोकी, केवढी हुशारी! तेवढ्यात मोठं गिऱ्हाईक दारात. बाप पांघरूण गुंडाळून बाहेर आला, "धाकट्या, चढ!" चढलो. पाय फळीतून आरपार, नडगीचं हाड कडकन मोडलं. आणि पहिला हसला कोण? दादा. म्हणतो कसा, "फळीत काही खोट नाही हो, पोरगंच फार माजलंय!" झालं, गिऱ्हाईकही हसलं, हसत हसत माल उचलला. बापाने मोडकी फळी अंगठ्याने चाचपली, दादाकडे बघितलं आणि तोंड मिटलं. सौदा झाला होता ना! हाड वाकडं सांधलं. लंगड्याला आऱ्यापाशी कोण उभं करतं? तेव्हापासून मी इथे, भुसा उपसतोय.

पायाचं काही नाही गं. मोडायचाच होता, मोडला. खोकं मीच उचलून आणलं होतं, हाताला हलकं लागलं तेव्हाच कळलं मला. मग चढलास कशाला म्हणशील — दादाकडे बघितलं मी. तो म्हणाला, "चढ रे, मी आहे ना." म्हणून चढलो. मी आहे ना म्हणाला तो... हे लिहू नकोस. खोड. खोड म्हणतो ना!

ऊठ आता. छापा तुमचा किस्सा, पण फळी कुणी चिरली तेही छापा, नाहीतर माझं नाव काढून टाका त्यातून. आणि डोळे पुसत मला सॉरी-बिरी म्हणू नकोस, तू जन्मलीही नव्हतीस. चालवत नाही म्हणे दादाला — मग गाडी कशाला घेतलीय? ह्या ओंडक्यावर येऊन बसायचं राहिलंय ते तुझं नाही, माझ्या बापाचंही नाही, तो सुटला. राहिलंय ते दादाचं.