तिसरी हाक

ताई, मघा तुम्ही दारातून हाक मारली ते मले पहिल्याच खेपेले ऐकू आली होती बरं. बहिरी नाही मी. पण पहिल्या हाकेले ओ म्हणून द्याचीच नाही, तिसरी आली का मंगच द्याची, अशी सवय लावून गेली माही आजी. तुम्ही मनात म्हटलं असन, कशी बाई आहे ही. म्हणा, सारेच म्हणतात.

मी कुही तालुक्यातली. मी रांगत होती तवाच माय गेली, बापानं दुसरं घर केलं, मंग आजीनंच वाढवलं मले, माह्या मायच्या मायनं. लोकायच्या वावरात धानाची रोवणी करे, कंबर वाकली तरी करे, अन् तोंड असं का गावातले गडी वचकून राहत. नागपूरले दीक्षा झाली तवा आजी लहानशी, तिच्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती, घरी आल्यावर बापानं सारे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, तवापासून अंगारा नाही का धुपारा नाही. भूत म्हटलं का बुढी हासे, म्हणे मेलेल्याले काय भ्याचं, जित्त्याले भ्या. पण कोणी बाहेरून हाक मारली का तीच बुढी चूल फुंकता फुंकता चूप होऊन जाय, मले पदराखाली ओढे, अन् माह्या तोंडावर तिचा हात, चिखलाच्या वासाचा. मी लय भेत होती ताई, मले वाटे भूतच उभं आहे दारात.

एकदा म्हटलं, आजी, भूत नाही म्हणतं त भेतं काहून वं? तवा सांगितलं तिनं. भूत नाही वं पोट्टे, पाटलाचा माणूस. दीक्षेच्या आधी तो रस्त्यावरूनच हाक मारे, आत नाही ये, विटाळ होये त्याले, अन् ज्यानं ओ देल्ली तो गेला बेगारीले, मोळ्या वाहा नाही त निरोप घेऊन गावं हिंडा, दाम नाही का दाणा नाही. त्याले कुठची सबुरी, दोनदा हाक मारे अन् पुढच्या घरी जाय. माही माय, म्हणजे तुही पणजी, ओली बाळंतीण, तापानं फणफणून राहिली होती, पहिल्याच हाकेले तिच्या तोंडून ओ निघून गेली. वापस आणली ते खाटेवर.

आता पाटील कुठचा अन् बेगार कुठची, पण ते भेव मले आंदणात भेटलं. लग्न होऊन नागपूरले आली, धरमपेठेत सैपाकाची कामं धरली, तिथंही तसंच. मॅडम आधी चिडे, आता एका दमात हाक मारते, सुनंदा सुनंदा सुनंदा.

मंग आजीले दिसनासं झालं, तिले इथं आणलं. अन् काय सांगू तुम्हाले, भेव उलटंच झालं. सकाळी चाय घेऊन जाओ, आजी म्हणून हाक मारो, बुढी चूप. दुसरी मारो, चूप. त्या दुसऱ्या अन् तिसऱ्या हाकेच्या मधात माहा जीव नुसता खालीवर होये. तिसरीले आवाज ये, ओ वं, मेली नाही अजून, आण चाय. मी चिडो, बह्याड बुढे, मले तरी पहिल्या हाकेले ओ देत जाय. म्हणे, हाक कोणीही मारते, तिसरी आपलंच माणूस मारते.

मांगच्या हिवाळ्यात अशीच चाय घेऊन गेली. आजी. मंग, आजी वं. भिंतीकडं तोंड करून निजली होती, पाय गोधडीच्या बाहेर. तिसरी निघालीच नाही ताई. कप खाली ठेवला अन् शेजारच्या काकूले बोलावून आणलं, तिनंच हात लावून पाह्यला.

माही पोरगी आठवीत आहे, ते पहिल्याच हाकेले ओ मम्मी म्हणत धावत येते. मी रागावली एकदा, म्हटलं तिसरीपर्यंत थांबत जाय. त म्हणते, काहून? मले कोण घेऊन जाऊन राहिलं? देऊ द्या बापा ओ, तिची ओ अशीच मोकळी राहो, दुसरं काय मागू.

पण आजीची खाट तिथंच आहे, पाहा. चाय झाली का अजूनही हाक मारते मी, आजी, आजी वं. दोनदाच. तिसरी मारली, अन् तिनं ओ नाही देल्ली त?